लोगो करून घेताना

प्रश्न : आमचा घरगुती मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे. लोगोसाठी एका स्वतंत्र डिझायनरला विचारले, तर चित्रे दाखवण्याऐवजी त्याने प्रश्नांची यादीच पाठवली आणि निम्मे पैसे आगाऊ मागितले. हे रीतसर आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : होय, आगाऊ रक्कम मागण्यातही वावगे काही नाही. गिऱ्हाईक कोण, माल पाकिटातून जातो की बरणीतून, शेजारच्या फळीवर कोणाचा माल असतो, हे न विचारता काढलेली मिरची कोणत्याही मसाल्याला चालते. ती तुमची राहत नाही. चांगला डिझायनर आधी पेन्सिलीने बरीच रेखाटने करतो, त्यांतली दोन-तीनच दाखवतो आणि तीही प्रथम काळ्या-पांढऱ्यात, कारण रंग आकारातली उणीव झाकतो. नाव देवनागरीत असेल, तर ५० ग्रॅमच्या पाकिटावर बसेल त्या मापात ते छापून पाहाच. 'मसाले'मधल्या 'म'ची गाठ शाईने भरली, की अक्षराचा डाग होतो.

अंतिम फाइल व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे कितीही मोठी केली तरी रेषा स्वच्छ राहतील अशा स्वरूपात, घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जेपीजी दुकानाच्या पाटीएवढी केली, की कडा फाटतात.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार, पैसे तुम्ही दिले असले तरी, अशा कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः डिझायनरच असतो. म्हणून हक्क तुमच्या नावे केल्याचा त्याच्या सहीचा कागद घ्यावा आणि त्यात मुदत स्पष्ट लिहावी, कारण ती लिहिलेली नसेल, तर कायदा पाचच वर्षे धरतो.