फॅशन मासिकांत कृष्णवर्णीय स्त्रिया आता सर्रास दिसतात, मग तक्रार कशाची?

खरं तर गप्प बसणार होते. पण "आता तर दर दोन-तीन अंकांआड मुखपृष्ठावर कृष्णवर्णीय चेहरा असतो, मग अजून कसलं प्रतिनिधित्व हवंय?" हे तुमचं वाक्य डोक्यातून जाईना. मी अकरा वर्षं फोटो रिटचिंग करतेय, म्हणजे छापायच्या आधी संगणकावर फोटो दुरुस्त करते. त्यातली पहिली चार अंधेरीतल्या एका स्टुडिओत गेली, तिथे परदेशी मासिकांचं आणि कॅटलॉगचं काम यायचं. म्हणून लिहिते.

मुखपृष्ठं मोजून फारसं काही कळत नाही. मोजायचीच असतील तर अमेरिकन व्होग हे फॅशन मासिक १८९२ सालचं, आणि त्याच्या मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णीय स्त्री, बेव्हर्ली जॉन्सन, आली ऑगस्ट १९७४ मध्ये. ब्रिटिश व्होगने मार्च १९६६ मध्येच डोनियल लूना या कृष्णवर्णीय मॉडेलला घेतलं होतं, पण त्या फोटोत तिची बोटं चेहऱ्यावर अशी आहेत की ठळक दिसतो तो एक डोळा. मॉडेल नाओमी कॅम्पबेलला फ्रेंच व्होगचं मुखपृष्ठ मिळालं १९८८ मध्ये, तेही फॅशन डिझायनर ईव्ह साँ लोराँने जाहिराती बंद करायची धमकी दिल्यावर. हे नाओमीनेच सांगितलंय. असो, हे कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायचंय ते एकदा जागा मिळाल्यावर त्या फोटोचं पुढे काय होतं ते.

२०१३ चा पावसाळा. माझी रात्रपाळी होती. तिकडे ऑफिस सुटताना फाइली यायच्या आणि ते लोक सकाळी कामावर यायच्या आत परत जायला हव्या असायच्या. त्या रात्री आठ फोटोंचा सेट आला. मोहरीच्या रंगाचा कोट घातलेली एक मॉडेल. वर्ण गडद, पिकल्या करवंदासारखा, आणि गालाच्या हाडावर निळसर चमक. इतका सुंदर प्रकाश मी त्या नोकरीत क्वचित पाहिला होता. सोबत सूचना एका ओळीची: त्वचा स्वच्छ करा, जरा उजळ करा, केस नीट करा.

आमचे सर हाताने फार तयार. पण तो हात घडला होता दादरच्या फोटो स्टुडिओत, लग्नाच्या स्थळांसाठी काढलेल्या फोटोंवर. "मुलीचा फोटो जरा उजळ करून द्या" हे त्यांनी वीस वर्षं ऐकलेलं. त्यांनी कर्व्ह, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचं साधन, धरला आणि अख्खी त्वचा वर उचलली. छपाईत गडद त्वचेला सायन (निळसर) आणि काळी शाई जास्त लागते, ती काढली की उरतो लाल-पिवळा. दोन मिनिटांत ती मुलगी विटकरी झाली. मग "तेलकट दिसतंय" म्हणून गालावरची चमक बुजवली. चमकेबरोबर गालाचं हाडही गेलं. राहिला पुठ्ठ्यासारखा सपाट चेहरा.

मी म्हटलं, "सर, ही ती राहिलीच नाही."

"छपाईत काळं भरून येतं गं. आपण आधीच उघडून द्यायचं."

हे कारण अर्धं खरं आहे, म्हणून तर मला ते अजून लागतं. कागदावर शाईचा ठिपका फुगतो आणि गडद भाग एकमेकांत मिसळून डाग दिसतो, हे खरंच. पण मग सावल्या उघडायच्या, वर्ण कशाला? हनुवटीखाली, मानेच्या घडीत, कॉलरलगत थोडं उघडा. चमक आहे तशी निळसर राहू द्या. मधल्या छटांना हात लावू नका. मी जेवणाच्या सुट्टीत एक फोटो तसा केला, प्रूफ (छपाईचा नमुना) काढलं आणि दिव्याखाली दोन्ही शेजारी ठेवले. सरांनी बराच वेळ बघितलं. "चांगलं झालंय," म्हणाले. आणि पाठवलं स्वतःचंच, कारण मागच्या महिन्यात तसंच पास झालं होतं.

इथपर्यंत चूक त्यांची होती. केसांची माझी.

त्या सेटची पार्श्वभूमी बदलायची होती, म्हणजे मॉडेल कापून काढायची. कटआउटचे पैसे फोटोमागे ठरलेले, केस कसेही असोत. सरळ केस असले तर काम झटपट होतं. तिच्या कुरळ्या केसांच्या कडेची एकेक बट सुटी धरायची तर दीड तास हवा. मला वीस मिनिटं होती. मी डोक्यामागचा केसांचा झुपका कापला आणि कडा गोल करून टाकली. झुपका काप असं मला कोणीही सांगितलं नव्हतं. फाइल पास झाली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अभिनेत्री लुपिता न्योंगोने ग्राझिया यूके या मासिकावर आलेल्या स्वतःच्या मुखपृष्ठाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. मूळ फोटोही तिने दाखवला. छापलेल्या फोटोत तिचा मागे बांधलेला केसांचा झुपका नव्हता आणि कडा गुळगुळीत होती. छायाचित्रकाराने माफी मागितली. मी ते फोटो मोठे करून बघितले आणि मला बसवेना. ते काम माझं नव्हतं, पण कुठे कापलं असेल ते मला न सांगता कळत होतं. महिनाभर आधीच लंडनच्या इव्हिनिंग स्टँडर्डच्या मासिकाने गायिका सोलांज नोल्सच्या डोक्यावरची गोल वेणी मुखपृष्ठावरून पुसली होती. त्याच अंकातल्या मुलाखतीत ती वेणी घालण्याबद्दल बोलली होती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चेहरा आला म्हणजे ती बाई आलीच असं नाही. मधे कितीतरी हात असतात. फोटो फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड वापरायचे, त्याला शर्ली कार्ड म्हणत. फिल्ममध्ये तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी केली तेव्हा. आणि अमेरिकन व्होगच्या मुखपृष्ठाचा फोटो कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने काढला तो थेट सप्टेंबर २०१८ मध्ये, गायिका बियॉन्सेचा. तो छायाचित्रकार, टायलर मिचेल, तेव्हा २३ वर्षांचा होता.

आणि वर्ण उजळायला छपाईचं कारण कोणी दिलं तर मुळीच ऐकून घेऊ नका. कृष्णवर्णीय वाचकांसाठीची अमेरिकन मासिकं बघा: एबनी निघालं १९४५ मध्ये, इसेन्स १९७० मध्ये. शाई, कागद, यंत्रं सगळ्यांची सारखीच. त्यांना गडद वर्ण छापता येत होता, कारण त्यांना तो छापायचा होता. हे मला त्या रात्री सरांना सांगायचं होतं, पण तेव्हा मला एबनीचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर चेहरा सोडून हात बघा. घाईत चेहरा उजळला जातो आणि बोटं, कोपर, कानाची मागची बाजू तशीच राहते. केसांची कडा बघा. कपाळावर चमक आहे का बघा.

एक मात्र सांगायला हवं. उजळ दिसणारा प्रत्येक फोटो नंतर उजळलेला नसतो, समोरून जोरात फ्लॅश मारला तरी वर्ण फिका येतो. आणि उलटंही होतं. ब्रिटिश व्होगने फेब्रुवारी २०२२ मध्ये नऊ आफ्रिकी मॉडेल मुखपृष्ठावर घेतल्या. तेव्हाचा संपादक एडवर्ड एनिनफुल स्वतः घानात जन्मलेला. तरी नऊ जणींचे वेगवेगळे वर्ण एकाच काळ्या छटेत बुडवले अशी टीका झालीच. मला त्यातले काही फोटो आवडले, पण टीका चुकीची वाटली नाही.

आता मी घरूनच काम घेते. दरपत्रकात कुरळ्या केसांच्या कटआउटला वेगळा दर लावलाय आणि वेळ दीड तास लिहिलाय. जास्त का, असं विचारलं तर मी कडेचा एक तुकडा मोठा करून पाठवते. बहुतेक जण देतात.