मेटलच्या गर्जनेत बीटल्स कुठे?

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त होऊन मी भुसावळलाच स्थायिक झालो आहे. शाळकरी वयात रेल्वे वसाहतीतल्या अँग्लो-इंडियन शेजाऱ्यांकडे बीटल्सच्या तबकड्या ऐकल्या, त्या अजूनही आवडतात. जळगावला शिकणारा माझा नातू ओपेथ या स्वीडिश बँडचे ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ (गुंतागुंतीच्या रचनांचे कर्कश रॉक संगीत) ऐकतो आणि त्यात साठच्या दशकातील पॉपचा मोठा वाटा आहे, असे ठामपणे सांगतो. मला तर नुसता आरडाओरडा ऐकू येतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे का?

उत्तर : तथ्य आहे, फक्त आपण ते शोधता आहात तिथे ते नाही. ओपेथच्या गाण्यांतील घोगरी गर्जना डेथ मेटल या मेटलच्याच अधिक उग्र प्रकारातून आली असून पॉपशी तिचा काडीचाही संबंध नाही, तेव्हा त्या बाबतीत नातवाने बीटल्सना वेठीस धरू नये. पॉपचे ऋण आहे ते वाद्यांच्या ध्वनीत आणि गाणे रचण्याच्या रीतीत.

मेलोट्रॉन हे वाद्य पाहा. १९६३ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे ते बाजारात आले. दिसायला ते ऑर्गनसारखे असले तरी त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फीत असते; पट्टी दाबली की बासरीवर किंवा व्हायोलिनवर आधी वाजवून मुद्रित केलेला तेवढा एक सूर साधारण आठ सेकंद ऐकू येतो, फीत संपली की तो तुटतो आणि बोट उचलताच फीत मागे सरकते. फितीची गती पूर्णपणे स्थिर राहत नसल्याने सूर किंचित थरथरतो, आणि हा दोषच पुढे रसिकांना प्रिय झाला. बीटल्सच्या १९६७ मधील ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या आरंभीची बासरी याच वाद्याची आहे. तोच थरथरता सूर ओपेथच्या २००३ मधील ‘डॅम्नेशन’ या अल्बममध्ये जागोजागी भेटतो.

रचनेचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. बीच बॉइज या अमेरिकन पॉप बँडचे ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे गाणे १९६६ मध्ये निरनिराळ्या स्टुडिओंत तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करून मग जोडण्यात आले, तर बीटल्सनी ‘अ डे इन द लाइफ’मध्ये आपले दोन गीतकार-गायक लेनन आणि मॅकार्टनी यांचे दोन वेगळे भाग वाद्यवृंदाच्या चढत्या कल्लोळाने सांधले. ध्रुवपद-अंतऱ्याची चौकट मोडून गाण्याला प्रवासासारखे वळणावळणाने नेण्याची ही मुभा आधी किंग क्रिम्सनसारख्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडांनी उचलली आणि त्यांच्याकडून ती मेटलवाल्यांकडे आली. म्हणजे हे नाते थेट बापलेकाचे नसून मध्ये एक पिढी आहे. काहींनी मात्र थेट बीटल्सकडेच धाव घेतली : ड्रीम थिएटर या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा ड्रमवादक माइक पोर्टनॉय याने २००३ मध्ये केवळ बीटल्सची गाणी वाजवण्यासाठी ‘यलो मॅटर कस्टर्ड’ नावाचा चमू जमवला होता.

प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये आढळणाऱ्या विषम मात्रांचेही तसेच. ‘ऑल यू नीड इज लव्ह’चे अंतरे बहुतांशी सात मात्रांचे आहेत, आणि सात मात्रांचा रूपक ताल ऐकलेल्या आपल्या कानांना त्याचे फारसे अप्रूप वाटायला नको. अनेक गळ्यांनी एकाच वेळी निरनिराळ्या स्वरांत गाणे हे मात्र आपल्याला नवे आहे. खानदेशातील वहीगायन या लोकगायनात साथीदार मूळ चालच उचलून धरतात. बीच बॉइजनी कळसाला नेलेली ही अनेक स्वरांची गायकी ओपेथच्या शांत भागांत हलक्या हाताने वापरलेली आढळते.

नातवाला आधी ‘डॅम्नेशन’ लावायला सांगावे, कारण त्यात गर्जना एकदाही नाही. त्यानंतर २००१ चा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ ऐकावा. दोन्हींचा सहनिर्माता ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन आहे, आणि दुसऱ्यात गर्जनेच्या अधूनमधून येणारे संथ, सुरेल भाग आपल्याला मग सहज वेगळे काढता येतील.