महाशीर वाचवायला नदीत पिल्लं सोडावीत का?

तुमचा प्रश्न असा आहे: आमच्या नदीत पूर्वी महाशीर मिळायचा, आता दिसत नाही. गावातली पोरं वर्गणी काढून पिल्लं सोडणार आहेत, तर किती आणि कधी सोडावीत?

एवढ्यात एकही सोडू नका. मी मत्स्यशास्त्रज्ञ नाही, नदीकाठचा माणूस आहे आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे लहानपणी मीही हौसेने धरलेत. पण या एका माशाच्या नादाने बरंच वाचलं, बरंच पाहिलं, म्हणून सांगतो.

आधी कोणता महाशीर ते ठरवा. महाशीर हा एक मासा नाही, गोतावळा आहे. हिमालयाच्या पायथ्याचा सोनेरी महाशीर वेगळा आणि आपल्या दख्खनचा निळसर परांचा वेगळा. आपल्याकडे याला खडची म्हणतात. १८३९ साली सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्या नदीत आज काय वाहतं ते तुम्हाला सांगायला नको.

पिल्लं सोडण्याची गोष्ट आपल्याकडूनच सुरू झाली. लोणावळ्याला वळवणच्या धरणाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात खडचीची अंडी काढून, फळवून पिल्लं वाढवायला सुरुवात केली. काम नेटाचं होतं आणि हेतूही चांगलाच. ही पिल्लं राज्याबाहेर गेली, कावेरीतही पोचली. पण कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता: पाठीवर वशिंड, नारिंगी पर, पन्नास किलोच्या वर जाणारा. तिथल्या गळकऱ्यांच्या छावण्यांत मासा पकडून परत सोडायचे आणि वहीत नोंद करायचे. १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदी पुढे अभ्यासकांनी तपासल्या. बाहेरून आलेला खडची वाढत गेलेला, आणि वशिंडवाला कमी कमी होत गेलेला. जे थोडे वशिंडवाले गळाला लागत ते दरवर्षी आणखी मोठे. ऐकायला बरं वाटतं, पण अर्थ वाईट आहे. म्हातारेच उरले होते, मागून लहान येतच नव्हते. २०१८ मध्ये या वशिंडवाल्याचं शास्त्रीय नाव नक्की झालं आणि त्याच वर्षी आययूसीएन या निसर्ग वाचवणाऱ्या जागतिक संस्थेच्या यादीत तो थेट 'अतिसंकटग्रस्त' गटात गेला. वाळूउपसा, धरणं, सुरुंग ही कारणं होतीच, सगळं पाप पिल्लांच्या माथी मारता येणार नाही. तरी एकाला वाचवताना दुसऱ्याच्या घरात पाहुणा बसवला, हे खरं. गंमत म्हणजे ज्या खडचीसाठी एवढं केलं, तो आता त्याच यादीत 'कमी चिंतेचा' आहे.

आता तुमच्या नदीकडे येऊ. महाशीर उन्हाळा खोल डोहात काढतो आणि पाऊस लागला की वर चढतो. स्वच्छ, वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या नि खड्यांच्या तळावर अंडी घालतो. अंडी तळाशी बसतात. वाळू-खडा उपसून नेला किंवा वरून गाळ येऊन बसला की अंडी गुदमरतात. म्हणजे त्याला तीन गोष्टी हव्यात: मे महिन्यात न आटणारा डोह, खड्यांचा उथळ पट्टा आणि या दोन्हींच्या मध्ये मोकळी वाट. यातलं एक जरी नसेल, तर तुम्ही सोडलेली पिल्लं जगली तरी त्यांना पुढे पोरं व्हायची नाहीत. दरवर्षी वर्गणी काढत बसाल.

म्हणून या वर्षी पैसे खर्च न करता नदी चालून बघा. डोह कुठे आहेत, त्यांत मे महिन्यात पाणी किती उरतं? मध्ये कोल्हापुरी बंधारे किती? त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाआधी खरंच निघतात की कुठे अडकून राहतात? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण माझ्या पाहण्यात एका बंधाऱ्याचे खालचे बरगे दोन पावसाळे निघालेच नव्हते आणि मासे खालीच गोळा होत होते. पाग (फेकजाळं) टाकणाऱ्यांची चंगळ.

दुसरं काम जास्त अवघड, कारण ते आपल्याच लोकांशी आहे. चढणीचा मासा पोटात गाबोळी घेऊन येतो. तेव्हा पंधरा दिवस हात आवरले, तर त्याचं मोल हजार पिल्लांहून जास्त आहे. जिलेटिनच्या कांड्या, ब्लीचिंग पावडर, विजेची तार यांबद्दल तर बोलायलाच नको. सुरुंग आणि विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, पण ती कागदावर. प्रत्यक्षात ऐकलं जातं देवाचं. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात किंवा वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत जाऊन बघा. देवाचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही, आणि हातभर लांबीचे मासे कुरमुरे खायला वर येतात. तुमच्या गावात असा एखादा डोह जुनी माणसं मानत असतील, तर सुरुवात तिथूनच करा. ग्रामसभेत ठराव नंतर होईल.

आणि पिल्लांची ऑर्डर आधीच दिली असेल, तर देणाऱ्याला एवढंच विचारा की नर-मादी कोणत्या नदीतले होते. उत्तर 'तुमच्याच खोऱ्यातले' असं आलं नाही, तर आगाऊ रक्कम बुडाली तरी चालेल.