'कॅन्सरची' गोळी आणि पाच किलो कणीक

प्रश्न : माझं वय 36. कराडजवळ राहते, घरूनच पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. रोज पाच किलो कणीक मळावी लागते, सोमवारी सुट्टी. चार महिन्यांपासून पहाटे उठलं की दोन्ही हातांची बोटं मिटत नाहीत, सैल पडायला तास-दीड तास जातो. डॉक्टरांनी रक्त तपासून रुमॅटॉइडचा संधिवात असल्याचं सांगितलं. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड आणि थोडे दिवस स्टेरॉइड लिहून दिलं. औषधाच्या दुकानात म्हणाले, "हे कॅन्सरचं औषध आहे." मी घाबरले. तीन आठवडे नुसतं स्टेरॉइड घेते आहे, त्याने बरं वाटतं. ती गोळी डब्यात तशीच पडून आहे. आईची बोटं याच दुखण्याने वाकडी झाली. जाऊबाई म्हणतात, आंबट सोड. काय करू?

उत्तर : मी डॉक्टर नाही. बँकेत कॅशियर होते आणि हे दुखणं एकोणीस वर्षं सांभाळते आहे. त्या अधिकारात सांगते : तुम्ही भलत्याच गोळीला घाबरलात.

जिने दुसऱ्या दिवशी बरं वाटतं ती स्टेरॉइडची गोळी सूज दाबते. ती लांबली की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. ती मनाने बंदही करायची नसते, हळूहळू उतरवायची असते. सांध्यांची झीज रोखायचं काम डब्यात पडलेल्या गोळीचं. तिचा गुण यायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात आणि तुमचे तीन आठवडे फुकट गेले. उद्याच डॉक्टरांना फोन करून "घेतली नाही" हे खरं सांगा. रागावतील, रागावू देत.

दुकानदार खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. कॅन्सरला हेच औषध कितीतरी पट मोठ्या मात्रेत देतात, कधी एका वेळी हजारो मिलिग्रॅम. तुमची मात्रा आठवड्याला 15. हे औषध शरीरातल्या फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणतं, म्हणून जोडीला फॉलिक ॲसिड घ्यायचं. त्याचं मूळ आपल्या मुंबईत आहे, बरं का. 1928 मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासायला तिथे आल्या. यीस्टच्या अर्काने त्या बायका सुधारल्या. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

भीती बाळगायची तर एकाच गोष्टीची बाळगा : ही गोळी रोज घ्यायची नाही. माझ्या पहिल्या पाकिटावर कुणीतरी सवयीने '1-0-0' लिहिलं आणि मी तीन दिवस रोज सकाळी गिळली. आठवडाभरात तोंड इतकं सोललं की ताकसुद्धा झोंबे. पांढऱ्या पेशी घसरल्या, दवाखान्यात राहावं लागलं. अशा चुकीने माणूस दगावतोसुद्धा. तेव्हापासून कॅलेंडरवर वाराभोवती लाल गोल करते आणि गोळी घेतली की त्यावर फुली मारते. तुमची सुट्टी सोमवारी, तेव्हा रविवारी रात्री जेवून घेतली तर चालेल का, विचारा. दुसऱ्या दिवशी मळमळलं तरी ऑर्डर अडणार नाही. फॉलिक ॲसिड कोणत्या वारी, तेही कागदावर लिहून घ्या.

सुरुवातीला दर महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी रक्ततपासणी असते : पेशी, यकृत, मूत्रपिंड. ती चुकवू नका. ताप आला तर त्या आठवड्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि पत्रात नाही, पण तुमचं वय बघून सांगते : ही गोळी चालू असताना दिवस जाता कामा नयेत. मूल हवं असेल तर आधीच बोला, औषध बदलून देतात.

आंबटाचं म्हणाल, तर जाऊबाईंना लिंबाची फोड द्या. चिंच, दही, टोमॅटो सोडून हा आजार हटत नाही. मी दोन वर्षं आमटीत कोकम घातलं नाही. आमटी बिघडली, गुडघे तसेच. मिश्री लावत असाल तर ती मात्र सोडा.

आईच्या बोटांवरून स्वतःची बोटं ठरवू नका. त्यांना हे औषध पहिल्या वर्षी मिळालं होतं का, विचारा. माझ्या आत्याला मिळालं नव्हतं. तिची बोटं वाकली, माझं एकच वाकलंय, तेही मी टाळाटाळ केलेल्या वर्षात.

आता कणीक. सकाळी आधी परातीत कोमट पाणी घ्या, त्यात दहा मिनिटं हात बुडवून मुठी उघडा-मिटा. पीठ कोमट पाण्याने सैलसर भिजवून झाकून ठेवा, मग तळव्याने मळा, बोटांच्या पेरांनी नको. लाटण्याच्या मुठींवर जुनं सुती कापड गुंडाळा, पकड जाड झाली की बोटं कमी आवळावी लागतात. पाच किलोंना खरं तर कणीक मळायचं मशीनच हवं. बचत गटातून कर्ज निघतंय का बघा. सांधे गरम आणि सुजलेले असतील त्या दिवशी मळायचंच नाही.

पहिले तीन महिने निम्म्याच ऑर्डरी घ्या आणि गिऱ्हाइकांना कारण खरं सांगा. मी काउंटरवर नोटा मोजताना अडखळले की "हाताला लागलंय" म्हणायचे. चार महिने खपलं. मग एक आजोबा काचेतून वाकून म्हणाले, "बाई, गेल्या वेळी तर डावा होता!"