देह फॉरेन्सिकला देता येतो का?

प्रश्न: मी एसटीतनं रिटायर झालोय, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. क्राइमच्या सिरियल बघून डोक्यात बसलंय की मेल्यावर आपला देह फॉरेन्सिकच्या पोरांना शिकायला द्यायचा. अमेरिकेत म्हणे बॉडी उघड्यावर ठेवून अभ्यास करतात, तसं इथं देता येईल का? आमची मंडळी म्हणते, मग रक्षाविसर्जनाला घाटावर जाऊन करायचं काय?

उत्तर: काका, तुम्ही ऐकलंय ते खरंय. टेनेसी राज्यात नॉक्सव्हिलला विल्यम बास नावाच्या प्रोफेसरांनी 1981 च्या सुमारास असं अभ्यासाचं केंद्र सुरू केलं, आणि त्यामागची गंमत ऐका, 1977 मध्ये एका उकरलेल्या थडग्यातला देह त्यांनी बघितला, मांस अजून गुलाबी, म्हणून अंदाज दिला की मरून वर्षही झालं नसेल, आणि निघाला कोण तर अमेरिकेच्या यादवी युद्धात 1864 च्या लढाईत मेलेला कर्नल शाय! देहाला मसाला भरलेला आणि लोखंडी पेटी घट्ट बंद, म्हणून 113 वर्षं टिकला. मग बासना वाटलं, देह कुजतो कसा हे आधी नीट बघायला पाहिजे. माशी कधी बसते, अळ्या किती वाढल्या, ऊन-पावसानं काय फरक पडतो, यावरनं मृत्यूची वेळ काढतात. अर्थात तिथले आकडे आपल्या जुलैच्या पावसात जसेच्या तसे चालणार नाहीत.

आपल्याकडं मात्र देहदान म्हणजे मेडिकल कॉलेजचं अॅनाटॉमी, म्हणजे शरीररचनेचं डिपार्टमेंट, कायदाही 1949 चा अॅनाटॉमी अॅक्टच. आणि खरं सांगू का, तुमची इच्छा तिथं वाया जात नाही, कारण उद्या पोस्टमॉर्टेम करणारा डॉक्टरसुद्धा पहिल्या वर्षी देह कापून शिकवतात त्या डिसेक्शन हॉलमध्येच शिकतो. गळ्यातलं हायॉइड हाड जागेवर कसं असतं हे हातानं चाचपलेलं नसेल तर गळा दाबलेल्या केसमध्ये ते मोडलंय का हे तो काय सांगणार?

एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. अॅक्सिडेंट, विषबाधा, काही संशयास्पद झालं की पोलीस केस होते, आणि पोस्टमॉर्टेम झालेला देह अॅनाटॉमीवाले सहसा घेत नाहीत, शिरा कापल्या गेल्या की देह टिकवायचं औषध सगळीकडं पोचत नाही म्हणून. एचआयव्ही, कावीळ-बी असलं तरी नकार येतो.

फॉर्म आपल्या राजर्षी शाहू गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजच्या अॅनाटॉमीत चौकशी करून भरा, पण नुसता फॉर्म भरून कपाटात ठेवला तर उपयोग शून्य. तुमच्या माघारी देह घरच्यांच्या ताब्यात, ते नको म्हणाले की विषय संपला, मी तरी कुठल्या कॉलेजला भांडून देह नेताना बघितलेलं नाही. म्हणून काकूंना आत्ताच सोबत न्या, सही त्यांचीच घ्या. देह सहसा परत मिळत नाही, म्हणजे रक्षा नाही, हे त्यांना सरळ सांगा. फोटो ठेवून दिवस घालायला कोण अडवत नाही.

नेत्रदानही करता येतं, मात्र सहा तासांच्या आत. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि खोलीतला पंखा बंद करायचा, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.