सिसिलिया म्हणजे ‘आंधळी’?

प्रश्न : आम्ही नाशिकरोडचे मराठी ख्रिस्ती. घरात पहिली नात आली आहे. माझ्या सासूबाईंचं नाव सिसिलिया. चर्चमध्ये त्या पेटी वाजवत. त्यांचंच नाव बाळाला ठेवायचं असं मुलाने आणि सुनेने ठरवलं. सून हिंदू घरातली. तिच्या आईने मोबाइलवर अर्थ पाहिला, तर निघाला ‘आंधळी’! तेव्हापासून विहीणबाईंनी धोशा लावलाय की लेकराला असलं अपशकुनी नाव नको. बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात आहे. हा अर्थ खरा आहे का? आणि मराठीत लिहायचं कसं, सिसिलिया की सेसिलिया?
– एक आजी, नाशिकरोड

उत्तर : आधी नातीसाठी अभिनंदन. विहीणबाईंनी वाचलं ते खोटं नाही. लॅटिनमध्ये ‘कायकुस’ म्हणजे आंधळा, आणि या नावाचा धागा तिथवर नेतात. पण मोबाइल एवढं सांगून थांबतो. खरी गंमत पुढे आहे.

हे मुळात बाईचं नावच नव्हे, घराण्याचं आहे. कायकिलियुस हे प्राचीन रोममधलं एक मातब्बर कुळ. रोमन लोक मुलींच्या नावासाठी फारसं डोकं चालवत नसत. कुळाचं नाव स्त्रीलिंगी केलं की झालं बारसं. त्यामुळे त्या कुळात कितीही मुली जन्मल्या तरी सगळ्या कायकिलियाच. हाक मारताना थोरली, धाकटी, तिसरी असं म्हणायचं. (उच्चार तेव्हा खरोखरच ‘कायकिलिया’ असा होता. इटलीत त्याचं ‘चेचीलिया’ झालं, फ्रान्सात ‘सेसील’ आणि इंग्रजांनी ‘सिसिलिया’ केलं.) म्हणजे नावाचा व्यवहारातला अर्थ काय, तर ‘अमक्या घरची लेक’. रोमबाहेर आपिया रस्त्यावर कायकिलिया मेतेल्ला नावाच्या बाईची बुरुजासारखी गोल, भक्कम समाधी अजून उभी आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. दगडावर मजकूर इतकाच : कायकिलिया मेतेल्ला, क्वींतुस क्रेतिकुसची मुलगी, क्रास्सुसची बायको. वडील आणि नवरा. ती स्वतः कशी होती, याबद्दल एक अक्षर नाही. आपल्या रेशनकार्डावर तरी याहून जास्त काय लिहिलेलं असतं!

आता कुळाला हे नाव कुठून आलं? या घराण्याचा मूळपुरुष म्हणून कायकुलुस याचं नाव सांगत. तो अग्निदेव वल्कनचा मुलगा, प्रेनेस्ते गावाचा संस्थापक. आगीपाशी सापडलेलं पोर. धुराने डोळे मिचमिचे झालेले, म्हणून ‘कायकुलुस’. ज्यांनी चुलीपुढे फुंकणी धरली आहे त्यांना हे पोर लगेच ओळखीचं वाटेल. अर्थात ही दंतकथा. मोठ्या घराण्यांना आपली नाळ देवाशी जोडायची हौस सगळीकडेच असते.

शिवाय रोमन माणसं व्यंगावरून नाव ठेवायला मुळीच लाजत नसत. ‘क्लॉडिया’च्या मुळाशी लंगडा हा शब्द आहे, ‘पॉला’ म्हणजे लहानखुरी, आणि ओविड या थोर कवीचं घराण्याचं उपनाव होतं ‘नासो’, म्हणजे नाकाडा. आपल्याकडे वेगळं आहे का? आंधळे, लंगडे, बोबडे, टकले अशा आडनावांची माणसं मतदारयाद्यांत भरपूर सापडतील, आणि त्यांच्या घरी मुली देताना कुणी डोळे तपासत नाही. विहीणबाईंना हेही विचारा की आपलं गाव कशावरून ओळखलं जातं. पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, असंच आपण पोराबाळांना सांगत आलो ना? कापलेल्या नाकाचं गाव म्हणून कुणी नाशिक सोडून गेलेलं मला माहीत नाही.

तुमच्या घरी मात्र हे नाव रोमन कुळावरून नव्हे, संत सिसिलियेवरून आलं असणार. रोमची ही हुतात्मा. पाचव्या शतकातल्या तिच्या चरित्रकथेत म्हटलंय, की लग्नात वाद्यं वाजत असताना ती मनातल्या मनात फक्त देवासाठी गात होती. त्या एका वाक्यावरून ती सगळ्या गायक-वादकांची संत झाली. २२ नोव्हेंबर हा तिचा सण. रोममध्ये १५८५ साली स्थापन झालेली संगीत अकादमीही तिच्याच नावाची. तिथल्या त्रास्तेवेरे भागातल्या तिच्या चर्चमध्ये स्तेफानो मादेर्नोने १६०० साली घडवलेली संगमरवरी मूर्ती आहे : कुशीवर निजलेली, तोंड फिरवलेलं, डोक्याला फडकं, आणि मानेवर तलवारीचा बारीक वार. पेटी वाजवणाऱ्या सासूबाईंचं नाव सिसिलिया असणं किती शोभून दिसत असेल!

मध्ययुगात भक्तांनाही ‘आंधळी’ खटकलंच होतं. त्यांनी या नावाची ‘स्वर्गातली लिली’ अशी फोड करून टाकली. ऐकायला गोड, पण व्युत्पत्ती म्हणून साफ चूक. विहीणबाईंची समजूत काढायला ती वापरू नका.

त्यापेक्षा हे सांगा : आयर्लंडमध्ये या नावाचं ‘शीले’ झालं आणि इंग्रजीत ‘शीला’. आपली शीला संस्कृत ‘शील’वरून आलेली, दोघींचा काडीचा संबंध नाही. पण घरात लाडाने शीला म्हटलं तर दोन्ही आज्यांचं समाधान होईल. नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक ख्रिस्ती झाल्या, तरी लक्ष्मीबाईच राहिल्या. तुमच्याकडे दोन नावं सुखाने नांदायला हरकत नसावी.

लिहायचं म्हणाल तर ‘सिसिलिया’च ठेवा, सासूबाईंच्या नावासारखं. ‘लि’ ऱ्हस्व. जन्मनोंदणीत नाव घातलं नसेल तर जन्मनोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क पडतं. महापालिकेतून दाखला हातात आला की मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं तिथल्या तिथे, खिडकीसमोरच वाचून घ्या. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर, आधारवर आणि शाळेत हेच स्पेलिंग द्या.