पहिला साप कोणता पाळावा?

प्रश्न : महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मुलाला साप पाळायचा आहे. आरे वसाहतीत सापडलेली धामण त्याचा मित्र द्यायला तयार आहे. ती बिनविषारी असल्याने चालेल का?
— एक वाचक, परळ

उत्तर : धामण कृपया घेऊ नका. ती बिनविषारी असली, तरी १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने तिला नाग व अजगराप्रमाणेच संरक्षण दिले आहे आणि तिला घरी ठेवणे हा गुन्हा आहे; मित्राने ती वनविभागाच्या स्वाधीन करावी.

हौस खरी असेल, तर बंदिवासात पैदास झालेला अमेरिकी कॉर्न स्नेक मी नवशिक्याला सुचवेन. तो साधारण ४ ते ५ फूट वाढतो, शांत असतो आणि खाण्याबाबत सहसा त्रास देत नाही. आफ्रिकेतील बॉल पायथन हा छोटा अजगर अधिक संथ असला, तरी अनेकदा आठवडेच्या आठवडे अन्न नाकारून नवख्या पालकाला घाबरवतो. शिवाय त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक आहे. मुंबईच्या पावसाळ्यात कॉर्न स्नेकची पेटी हवेशीर आणि तिचा तळ कोरडा ठेवावा लागतो, अन्यथा त्वचेचे व श्वसनाचे विकार जडतात. गोठवलेले उंदीर घरच्याच फ्रीजमध्ये ठेवावे लागतील आणि हा साप १५ ते २० वर्षे जगू शकतो, म्हणून घरातील सर्वांचा होकार आधी घ्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यही आधीच शोधून ठेवा.